पनवेल परिसरातील डान्स बार आणि ग्राहक : एक सामाजिक-ऐतिहासिक अभ्यास (१९८० ते २०२५)

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील डान्स बारचा प्रश्न २००५ पासून विधिमंडळ, न्यायालये आणि वृत्तपत्रे या तिन्ही ठिकाणी सातत्याने चर्चिला गेला. या चर्चेत बारमालक, बारनर्तिका, महिला संघटना, पोलीस आणि शासन यांच्या भूमिका विपुल प्रमाणात नोंदल्या गेल्या आहेत. मात्र ज्याच्या पैशावर हा संपूर्ण व्यवसाय उभा होता, तो ग्राहक या नोंदींमध्ये क्वचितच आढळतो. तो कोण होता, तो तेथे का जात असे, तेथे त्याला काय मिळत असे आणि तेथून तो काय घेऊन परतत असे, या प्रश्नांकडे इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही.

पनवेलच्या संदर्भात ही उणीव अधिक जाणवते. राज्यातील डान्स बारबंदीच्या प्रक्रियेचा आरंभ ज्या लक्षवेधी सूचनेतून झाला, ती पनवेलच्या लोकप्रतिनिधीने मांडली होती. या प्रश्नाचा राजकीय उगम मुंबईत नसून मुंबईच्या वेशीवरील या तालुक्यात आहे. असे का घडले, याचे उत्तर शोधताना आपण अपरिहार्यपणे ग्राहकापाशी येऊन पोहोचतो. प्रस्तुत निबंधात पनवेल परिसरातील ग्राहकाचा अनुभव त्याच्या आर्थिक व सामाजिक पार्श्वभूमीवर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

या अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, पनवेल परिसरात या व्यवसायाला अनुकूल ठरलेली भौगोलिक व आर्थिक परिस्थिती स्पष्ट करणे. दुसरे, बारमधील ग्राहकाच्या अनुभवाची रचना समजून घेणे व महाराष्ट्रातील जुन्या करमणूक परंपरेशी तिची तुलना करणे. तिसरे, २००५ ते २०२२ या काळातील कायदे व न्यायनिर्णय यांमधून ग्राहकाची कोणती प्रतिमा उभी राहिली, याचा शोध घेणे.

यासाठी संबंधित कायद्यांच्या तरतुदी, मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांचे निकाल, बारनर्तिकांविषयीची सर्वेक्षणे आणि प्रकाशित वृत्ते यांचा आधार घेतला आहे. 'बारबाला' हा रूढ शब्द हेटाळणीच्या छटेमुळे टाळून 'बारनर्तिका' हा शब्द वापरला आहे.

३. पूर्वपीठिका : दारूबंदी, परमिट रूम आणि नृत्य

डान्स बार ही संस्था अचानक निर्माण झाली नाही. तिची मुळे मुंबई राज्याच्या दारूबंदी धोरणात आहेत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानुसार १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. १९६० च्या दशकात ही बंदी शिथिल होत गेली, परंतु कायदा रद्द झाला नाही. मद्यपानासाठी व्यक्तीने परवाना बाळगावा, ही अट कायम राहिली. 'परमिट रूम' हे नाव याच व्यवस्थेतून आले. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. शासनाच्या दृष्टीने ग्राहकाचे पहिले अस्तित्व 'परवानाधारक' या रूपात आहे. पेल्यापुरता तो शासनाला ठाऊक होता. पेल्यापलीकडे तो कोण आहे, याची नोंद ठेवण्याचे कारण शासनाला नव्हते.

दुसरे मूळ सार्वजनिक करमणुकीच्या नियमनात आहे. चित्रपटगृहांव्यतिरिक्त इतर करमणुकीच्या जागा व प्रयोग यांच्यासाठी १९६० साली जे नियम करण्यात आले, त्यांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा समावेश होता. पुढे उपाहारगृहांमधील वाद्यवृंद व नृत्य यांचे परवानेही याच नियमांखाली दिले गेले. म्हणजेच शासकीय दप्तरात तमाशाचा फड आणि डान्स बार एकाच नियमावलीखाली आले.

रायगड जिल्ह्यातील खालापूर येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी राज्यातील पहिले डान्स बार सुरू झाल्याचे सामान्यतः मानले जाते. खालापूर हे पनवेलहून पुण्याकडे जाताना बोरघाटाच्या अलीकडे लागते. मुंबईच्या झगमगाटाशी जोडली गेलेली ही संस्था प्रथम मुंबईबाहेरच्या महामार्गावर रुजली, ही बाब लक्षणीय आहे.

४. पनवेल : रस्ते, भूसंपादन आणि रोख रक्कम

पनवेल हे प्राचीन व्यापारी वाटेवरचे गाव. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. बोरघाटातून उतरणारा माल व माणसे येथे विसावत. पुढे मुंबई-पुणे रस्ता, गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि उरणकडे जाणारा रस्ता येथे एकत्र आल्याने पनवेलचे हे स्वरूप अधिक ठळक झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, कळंबोलीत लोखंड-पोलाद बाजार उभा राहिला, १९९८ मध्ये उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत आली आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला. ट्रकचालक, वाहतूक कंत्राटदार, दलाल, शनिवार-रविवारचे प्रवासी असा फिरता ग्राहकवर्ग त्यामुळे निर्माण झाला.

तथापि केवळ रस्त्यांमुळे पनवेलचे वेगळेपण स्पष्ट होत नाही. त्यासाठी जमिनीकडे वळावे लागते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवी मुंबई वसविण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी व इतर कुटुंबांची जमीन संपादित झाली. भूसंपादनाविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा व नवघर येथे झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. या लढ्याची परिणती म्हणून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९९० च्या दशकात अंमलात आली.

या घटनाक्रमाचा आर्थिक अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शेतीचे उत्पन्न हंगामी असले तरी दरवर्षी येणारे होते आणि त्याच्या खर्चाच्या वाटा कुटुंबाने व गावकीने ठरविलेल्या होत्या. नुकसानभरपाई अथवा भूखंडाच्या विक्रीतून येणारी रक्कम मात्र एकदाच, एकगठ्ठा आणि बहुधा घरातील पुरुषाच्या हाती येणारी होती. ती गुंतविण्याची शिकवण देणारी कोणतीही यंत्रणा पुनर्वसनाच्या चौकटीत प्रभावीपणे उभी राहिली नाही. घरबांधणी, लग्नकार्य, वाहन आणि व्यवहारातील फसवणूक अशा अनेक वाटांनी हा पैसा गेला. बार ही त्यांतील एक वाट. परंतु ती रस्त्यावर, दिव्यांच्या रोषणाईत उभी होती, म्हणून सर्वांच्या डोळ्यांवर आली.

५. ग्राहकाचा अनुभव : रचना व अर्थ

डान्स बारमधील व्यवहाराची रचना बहुतेक ठिकाणी सारखी होती. बाहेरून आतले दिसू नये अशा काचा, दारावरचा रखवालदार, आत मंद प्रकाश, भिंतींच्या कडेने कोच, मधोमध नाचाची मोकळी जागा, आरसे आणि ध्वनिवर्धकावर हिंदी चित्रपटगीते. नर्तिका बहुधा साडी किंवा घागरा-चोळी अशा पूर्ण वेशात असत आणि ग्राहकाने त्यांना स्पर्श करू नये, हा संकेत पाळला जावा यासाठी बारची माणसे दक्ष असत. मोठ्या नोटा देऊन दहा-दहाच्या नोटांची बंडले घेण्याची सोय आतच असे. ग्राहक एखाद्या गाण्याची फर्माईश करी, आवडत्या नर्तिकेवर नोटा उधळी किंवा तिच्या हाती देई. त्या नोटा वेटर गोळा करीत आणि त्यांची वाटणी मालक व नर्तिका यांच्यात ठरलेल्या प्रमाणात होई.

या अनुभवाची तुलना संगीत बारीशी करणे उद्बोधक ठरेल. संगीत बारीतही बैठकीची लावणी, फर्माईश आणि दौलतजादा यांची परंपरा आहे. पैसे देऊन कलावंतीण व रसिक यांच्यात काही क्षणांचे नाते निर्माण करणे, ही रीत दोन्हींकडे समान दिसते. परंतु दोन महत्त्वाचे फरक आहेत. लावणीच्या बैठकीत रसिकाला गाण्याची, अदाकारीची जाण असावी लागे; चुकीच्या जागी दिलेली दाद हास्यास्पद ठरे. बारमध्ये जाणकारीची अट नव्हती. ध्वनिमुद्रित गीत सर्वांना पाठ होते आणि दाद देण्याचे एकमेव साधन नोट हे होते. दुसरा फरक नावाचा. तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचे नाव मंचावरून पुकारले जाई. दान चारचौघांत आणि गावासमक्ष होई. बारमध्ये ग्राहकाला ओळख हवी होती ती फक्त चार भिंतींच्या आत. बाहेर त्याला निनावीच राहायचे होते. इतिहासकाराला तो सापडत नाही, याचे एक कारण त्याच्या या निनावीपणात आहे.

मग हा ग्राहक नेमके काय विकत घेत होता? मद्य इतरत्र स्वस्त मिळत असे. चित्रपटातील नृत्य चित्रपटगृहात पाहता येत असे. बारमध्ये त्याला मिळत होती ती दखल. दारावरचा माणूस त्याला ओळखत होता, वेटर त्याची बसण्याची जागा राखून ठेवीत होता, नर्तिका त्याच्याकडे पाहून हसत होती आणि सर्व जण त्याला 'शेठ' म्हणत होते. हा शब्द पनवेल-उरण भागात साधा नाही. गावात ज्याच्याकडे पैसा, माणसे आणि वजन आहे तो शेठ. ज्या कुटुंबाची जमीन गेली त्या कुटुंबातील तरुणाला शासकीय कागदपत्रांनी 'प्रकल्पग्रस्त' ही ओळख दिली होती. भूखंडाची फाईल घेऊन कार्यालयात त्याला ताटकळावे लागे, वारसदाखल्यासाठी खेपा घालाव्या लागत आणि नवे शहर ज्यांच्यासाठी उभे राहत होते त्यांत आपण नाही, हेही दिसत असे. दिवसा प्रकल्पग्रस्त असलेला हा माणूस रात्री काही तासांपुरता शेठ होत होता. पैसा संपेपर्यंतच हा मान टिकणार, हे त्यालाही बहुधा ठाऊक असावे. तरीही त्याने तो घेतला, कारण इतरत्र तो मिळत नव्हता. या भागातील ग्राहकाचे वर्तन केवळ चैन किंवा केवळ व्यसन या शब्दांनी स्पष्ट होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अर्थात या स्पष्टीकरणामुळे ग्राहकाची जबाबदारी कमी होत नाही. उधळलेली रक्कम त्याची एकट्याची नव्हती. ज्या शेतात घरातील स्त्रियांनी लावणी-कापणी केली होती, त्या शेताची ती किंमत होती. जमीन विकताना त्यांचे मत विचारले गेले नाही आणि पैसा खर्च होतानाही नाही.

६. विधिमंडळ ते न्यायालय : ग्राहकाच्या तीन प्रतिमा

३० मार्च २००५ रोजी शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत डान्स बारसंबंधी लक्षवेधी सूचना मांडली. अनधिकृत बारची वाढ आणि त्यामुळे उद्ध्वस्त होणारे संसार हा तिचा विषय होता. उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. प्रारंभी ती मुंबईबाहेरील बारपुरती मर्यादित ठेवण्याचा विचार मांडला गेला. ग्रामीण तरुण बिघडत आहेत, असे कारण देण्यात आले. भेदभावाची टीका होताच एप्रिलमध्ये मुंबईचाही समावेश झाला. शेतकऱ्यांच्या पक्षाने, जमीन गेलेल्या तालुक्यातून हा प्रश्न मांडावा, यात संगती आहे. त्या सूचनेमागे नीतीचा आग्रह होता, त्याचप्रमाणे जमिनीच्या पैशाचे काय झाले याची वेदनाही होती. परंतु घोषणा झाली तेव्हा जमीन मागे पडली आणि नीती पुढे आली. येथे ग्राहकाची पहिली प्रतिमा दिसते : बिघडविला गेलेला भाबडा तरुण. बिघडविणारी अर्थातच नर्तिका.

जुलै २००५ मध्ये विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ३३-अ व ३३-ब समाविष्ट केले आणि ऑगस्टच्या मध्यास ते अंमलात आले. कलम ३३-अ ने उपाहारगृहे, परमिट रूम व बिअर बार येथील नृत्यास मनाई केली. उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. कलम ३३-ब ने मात्र नाट्यगृहे, केवळ सदस्यांना प्रवेश असलेले क्लब व जिमखाने आणि तीन तारांकित वा त्यावरील हॉटेले यांना सूट दिली. अशा रीतीने कायद्यानेच ग्राहकाचे दोन वर्ग केले. पहिला, ज्याची नीती नृत्याने ढासळते; दुसरा, ज्याची ढासळत नाही. महामार्गावरच्या परमिट रूममधला शेठ पहिल्या वर्गात होता, तारांकित हॉटेलातील पाहुणा दुसऱ्या वर्गात. ही दुसरी प्रतिमा : सार्वजनिक नीतीला धोका असणारा सामान्य माणूस.

१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. एफ. आय. रिबेलो व न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठाने ही कलमे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व १९(१)(छ) यांच्याशी विसंगत ठरविली. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर व न्या. एस. एस. निज्जर यांनी हा निर्णय कायम केला. एकच नृत्य श्रीमंतांपुढे सभ्य आणि सामान्यांपुढे असभ्य ठरते, हे गृहीतक सर्वोच्च न्यायालयाने अभिजनवादी म्हणून नाकारले. ग्राहकांमधील वर्गभेदाची ही बहुधा सर्वांत स्पष्ट न्यायिक नोंद होय. शासनाने जून २०१४ मध्ये सूट काढून टाकून सर्वांनाच बंदी लागू केली. समतेचा आक्षेप अशा प्रकारे उलट्या बाजूने दूर करण्यात आला. या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती दिली.

एप्रिल २०१६ मध्ये अश्लील नृत्यास प्रतिबंध करणारा व तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा संमत झाला. १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री व न्या. अशोक भूषण यांनी त्यातील व त्याखालील नियमांतील अनेक अटी रद्द केल्या. शाळा व धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट, सीसीटीव्हीची सक्ती, बार व नृत्याची जागा यांमधील भिंत या अटी गेल्या. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळमर्यादा राहिली. ग्राहकाने पैसे उधळू नयेत, हा नियम कायम झाला; बक्षिसी मात्र देता येईल, असे ठरले. वरवर किरकोळ वाटणारा हा भेद ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाचा आहे. दौलतजादाचा शेवट होऊन टिप उरली. ग्राहकाची ही तिसरी प्रतिमा : सेवेचा मोबदला देणारा, शिस्तीत बसलेला उपभोक्ता. पुढे १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ऑर्केस्ट्रा बारमधील स्त्री व पुरुष कलावंतांच्या स्वतंत्र संख्येवरील मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविली.

या प्रदीर्घ न्यायप्रवासात बारमालकांच्या संघटना, बारनर्तिकांची संघटना आणि महिला संघटना न्यायालयात उभ्या राहिल्या. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे स्त्री अभ्यास संशोधन केंद्र व स्त्री अत्याचारविरोधी मंच यांनी मुंबईतील सुमारे ५०० बारनर्तिकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास केला. त्यामुळे त्यांची पार्श्वभूमी, कमाई आणि कुटुंबाचा भार कागदावर आला. ग्राहकाच्या बाबतीत असे काहीच घडले नाही. बंदीमुळे ७५,००० स्त्रियांची उपजीविका जाईल, असे बारनर्तिकांच्या बाजूने सांगितले गेले. ग्राहकाला मात्र फारशी किंमत मोजावी लागली नाही. तो घरी गेला किंवा ऑर्केस्ट्रा बारकडे वळला.

७. दोन दशकांनंतर

२ ऑगस्ट २०२५ रोजी शेतकरी कामगार पक्षाच्या वर्धापनदिनी पनवेल येथे झालेल्या मेळाव्यात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी रायगड जिल्ह्यातील डान्स बारच्या संख्येवर टीका केली. त्याच रात्री त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पनवेलमधील एका बारची मोडतोड केली. २००५ साली ज्या पक्षाच्या आमदाराने हा प्रश्न विधानसभेत नेला, त्याच पक्षाच्या व्यासपीठावर तो वीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. काचा फुटल्या, परंतु आत बसणारे कोण आणि ते तेथे का येतात, हा प्रश्न याही वेळी मागेच राहिला.

दरम्यान पनवेलचे स्वरूप बदलले आहे. १ ऑक्टोबर २०१६ पासून येथे महानगरपालिका आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. मॉलमधील रेस्टॉरंट आणि लाउंज यांनी नव्या मध्यमवर्गाला रात्रीची उजळ माथ्याची जागा दिली आहे. तेथील ग्राहक आपली छायाचित्रे स्वतःहून प्रसिद्ध करतो. बारमधील ग्राहक चेहरा लपवितो. रात्रीच्या करमणुकीतील प्रतिष्ठा व अप्रतिष्ठा यांची विभागणी नृत्यापेक्षा ग्राहकाच्या वर्गावरून अधिक ठरते, असे यावरून म्हणता येते. कलम ३३-ब रद्द झाले असले तरी त्यामागील दृष्टी समाजात टिकून आहे.

८. निष्कर्ष

१) पनवेल परिसरातील डान्स बारची वाढ ही मुंबईच्या करमणूक संस्कृतीचा केवळ विस्तार नव्हती. महामार्गांचे जाळे आणि भूसंपादनातून आलेली एकगठ्ठा रोख रक्कम यांच्याशी तिचा निकटचा संबंध होता.

२) ग्राहकाच्या अनुभवाचे केंद्र नृत्य किंवा मद्य नसून दखल व मान हे होते. विस्थापनामुळे सामाजिक स्थान गमावलेल्या पुरुषवर्गात या गोष्टींना विशेष मोल आले.

३) डान्स बारमधील पैसे उधळण्याची रीत तमाशा परंपरेतील दौलतजादाशी नाते सांगते, मात्र जाणकारी व नाव या दोन्ही गोष्टी तिच्यातून वगळल्या गेल्या.

४) कायद्याने ग्राहकाला क्रमाने भाबडा तरुण, नीतीला धोका आणि शिस्तबद्ध उपभोक्ता या रूपांत पाहिले. कोणत्याही टप्प्यावर त्याची साक्ष घेतली गेली नाही. परिणामी दोषाचे ओझे नर्तिकेवर पडले आणि पुरुषाच्या निर्णयाची व त्याच्या पैशाच्या उगमाची चिकित्सा टळली.

९. समारोप

साडेबारा टक्के योजनेचे पहिले लाभधारक आज वार्धक्याकडे झुकले आहेत. त्यांच्या आठवणींतून जमिनीच्या पैशाचा प्रवास नोंदविण्याची संधी फार काळ उपलब्ध राहणार नाही. पनवेल, उरण व खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी संयुक्तपणे मौखिक इतिहासाचा प्रकल्प हाती घेतल्यास हे काम होऊ शकेल. त्यात पुरुषांना, नाव गुप्त ठेवण्याची हमी देऊन, ते बारमध्ये का गेले हे विचारावे. आणि त्यांच्या घरातील स्त्रियांना, त्या रात्री त्या काय करीत होत्या, हेही विचारावे. या दोन्ही साक्षी एकत्र ठेवल्या तरच गेल्या चार दशकांतील पनवेलच्या स्थित्यंतराचे चित्र पुरे होईल.